प्रवासाचे फोटो स्पर्धेला पाठवायचे तर 'डार्कटेबल' कसं आहे?

डार्कटेबल हे रॉ फाइलींवर, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलींवर, काम करणारं मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर. २००९ पासून चालत आलंय, लिनक्स, मॅक आणि विंडोज तिन्हींवर चालतं आणि पैसे लागत नाहीत. त्याच्या रंगविज्ञानाबद्दल खूप लिहिलं गेलंय. इथे ते एकाच कामासाठी तपासलंय: सहलीहून आणलेल्या पाच-सातशे फोटोंतून चार निवडायचे, ते हौशी छायाचित्रकारांच्या स्थानिक स्पर्धेच्या प्रवास विभागाच्या नियमात बसवायचे आणि हव्या त्या मापाच्या फाइली काढून पाठवायच्या.

निकाल आधीच सांगून टाकतो. निवड आणि एक्स्पोर्ट या दोन्ही टोकांना डार्कटेबल फार चांगलं आहे. मधल्या टप्प्यात, म्हणजे प्रत्यक्ष एडिटिंगमध्ये, ते या विभागाला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद हातात देतं आणि नियम मोडताना कुठेही अडवत नाही.

नियम म्हणजे कोणते? स्थानिक मंडळं स्वतःची नियमावली काढतात, पण प्रवास विभागाची व्याख्या बऱ्याचदा फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका किंवा फियाप (छायाचित्रण संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) यांच्या व्याख्येवरून घेतलेली असते. सोसायटीच्या व्याख्येचा सारांश असा: फोटोत त्या प्रदेशाचं वैशिष्ट्य किंवा संस्कृती जशी आहे तशी दिसली पाहिजे. फोटोसाठी मुद्दाम घडवून आणलेले प्रसंग किंवा पैसे देऊन उभी केलेली माणसं चालत नाहीत. माणसाचा किंवा वस्तूचा जवळून घेतलेला फोटो असेल तर आजूबाजूच्या परिसराची काही खूण त्यात हवी. क्रॉपशिवाय दुसऱ्या कुठल्याही मार्गाने काही घालायचं, काढायचं, हलवायचं किंवा बदलायचं नाही. धूळ आणि डिजिटल नॉइज काढणं, मूळ दृश्य होतं तसं दिसेल इतपत दुरुस्ती आणि पूर्ण फोटो कृष्णधवल करणं एवढ्याला मुभा. इन्फ्रारेड बाद. आपल्या स्पर्धेची पत्रिका आधी वाचावीच, पण पत्रिकेत दोनच ओळी असतील तर परीक्षकांच्या डोक्यात साधारण हीच व्याख्या असते असं धरून चालावं.

आता सॉफ्टवेअरकडे. फोटो आत घेताना दोन पर्याय दिसतात: फाइली आहेत तिथेच ठेवून फक्त यादीत घेणं किंवा कॉपी करून घेणं. दोन्ही ठीक. पण एकदा आत घेतल्यावर फोल्डरची हलवाहलव संगणकाच्या फाइल मॅनेजरमधून करू नये. केली तर पुढच्या वेळी त्या फोटोंच्या जागी कवटीचं चित्र दिसतं आणि नवखा माणूस फोटो गेलेच म्हणून हबकतो. फोटो गेलेले नसतात, डार्कटेबलला ते सापडत नसतात एवढंच. एडिटिंगची नोंद मूळ फाइलशेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या नोंद-फाइलीत राहते, रॉ फाइलीला हात लागत नाही. स्पर्धेसाठी हे फार मोलाचं. अंतिम फेरीत आयोजक मूळ फाइल मागतात तेव्हा ती कॅमेऱ्यातून निघाली तशीच देता येते.

कवटी दिसण्याचं दुसरं कारण म्हणजे कॅमेरा अगदी नवा असणं. डार्कटेबलच्या मोठ्या आवृत्त्या वर्षातून साधारण दोनदा येतात, जून-जुलैच्या सुमारास आणि डिसेंबरात, आणि नव्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाइली बहुतेक त्यांच्याबरोबरच वाचता यायला लागतात. तोवर फाइल डीएनजीमध्ये (कुठल्याही एका कॅमेऱ्याशी न बांधलेल्या रॉ प्रकारात) बदलून घेणं हाच रस्ता.

निवडीच्या कामात हे सॉफ्टवेअर खरंच सुखावतं. 'एक्स' दाबलं की कलिंग मोड उघडतो. एकाच दृश्याच्या दोन-तीन फ्रेमा शेजारी शेजारी येतात, एक मोठी केली की बाकीच्याही त्याच जागी मोठ्या होतात. 'डब्ल्यू' दाबून धरलं की फोटो पूर्ण पडदाभर दिसतो, आणि 'कंट्रोल' धरून 'डब्ल्यू' दाबलं तर फोकस कुठे बसलाय ते रंगीत चौकटींनी दिसतं. या चौकटींवर आंधळा विश्वास मात्र नको. नक्षीदार भिंत आणि माणसाचा डोळा यांत सॉफ्टवेअरला भिंतच जास्त धारदार वाटते. एक ते पाच आकड्यांनी तारे, 'आर'ने नापास. खबरदारी एवढीच की तारे आपण निवडलेल्या फोटोला मिळतील असं नाही. माउसचा बाण निवडीबाहेरच्या एखाद्या फोटोवर असेल तर तारा त्याला जातो. बाण चुकून शेजारच्या थंबनेलवर राहिला आणि आकडा दाबला की भलत्याच फोटोला पाच तारे. पहिल्या दिवशी यावर चिडचिड होते, मग सवय लागते.

चार फोटो ठरवायच्या आधी वीसेक फोटो लहान थंबनेलच्या रूपात एका पडद्यावर पाहावेत. परीक्षक पहिल्या फेरीत एका प्रवेशिकेला काही सेकंदच देतात, आणि लहान आकारातही ज्याचा विषय कळतो तोच फोटो त्या फेरीत टिकतो. लाइटटेबलमध्ये (थंबनेलांच्या पानावर) रांगेत किती फोटो दिसावेत ते बदलता येतं, ते इथे वापरावं.

प्रवासात हमखास होणारी एक गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ घरच्या वेळेवर राहणं. 'फोटो अमुक तारखेनंतर काढलेला हवा' अशी अट असते तेव्हा हा फरक नडू शकतो, आणि दोन कॅमेरे असतील तर क्रमही बिघडतो. जिओटॅगिंग मोड्युलमध्ये (मोड्युल म्हणजे एकेका कामाचं स्वतंत्र हत्यार) एका फोटोची खरी वेळ भरली की फरक निघतो आणि तो निवडलेल्या सगळ्या फोटोंना एकदम लावता येतो. काम पाच मिनिटांचं, पण आधी करावं. फायली नावानिशी एक्स्पोर्ट करून झाल्यावर लक्षात आलं तर सगळं परत.

डार्करूममध्ये, म्हणजे एडिटिंगच्या पानावर, शिरताच नवख्याला धक्का बसतो: थंबनेलमध्ये छान दिसणारा फोटो उघडल्यावर फिका पडतो. थंबनेल कॅमेऱ्याने स्वतः बनवलेल्या जेपेगचं असतं, उघडल्यावर दिसतो तो डार्कटेबलने रॉवरून केलेला फोटो. डिसेंबर २०२४ च्या ५.० आवृत्तीत पाचशेहून जास्त कॅमेऱ्यांसाठी तयार स्टाइली (सेटिंगचे संच) आल्या आहेत, त्या लावल्या की चित्र कॅमेऱ्याच्या जेपेगच्या बरंच जवळ जातं. प्रवास विभागासाठी सुरुवात तिथूनच करावी असं आमचं मत. फिकं चित्र पाहून लोक रंग चढवत जातात, आणि थांबतात तेव्हा चित्र 'होतं तसं' राहिलेलं नसतं.

एडिटिंग सुरू करायच्या आधी 'कंट्रोल-बी' दाबावं. फोटोभोवती पांढरी चौकट आणि तिच्या बाहेर मध्यम करडा रंग येतो. या एका कळीसाठी डार्कटेबल वापरावं, इतकी ती उपयोगी आहे. काळपट पार्श्वभूमीवर कुठलाही फोटो उजळ भासतो, मग माणूस तो आणखी काळा करतो आणि प्रोजेक्टरवर किंवा प्रिंटमध्ये सावल्या बुडून जातात. पांढऱ्या चौकटीत पांढरं म्हणजे किती पांढरं ते डोळ्याला कळत राहतं. मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्ण चढवलेला असेल तर मात्र या कळीचाही उपयोग नाही. प्रिंटसाठी काम करताना तो ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास हवा. मोजायचं साधन नसेल तर कोरा पांढरा कागद खोलीच्या उजेडात मॉनिटरशेजारी धरावा. पडदा दिव्यासारखा भगभगत असेल तर ब्राइटनेस कमी करावा.

आता खरा कळीचा मुद्दा. रीटच मोड्युलमध्ये क्लोन आणि हील ही फोटोतला एक भाग उचलून दुसऱ्यावर लावणारी हत्यारं आहेत. सेन्सरवरची धूळ याच हत्याराने काढायची, आणि देवळाच्या कळसाआडून जाणारी विजेची तारही याच हत्याराने निघते. पहिलं नियमात बसतं, दुसऱ्याने प्रवेशिका बाद होते. सॉफ्टवेअरला दोन्हींतला फरक कळत नाही, कळायचं कारणही नाही. आम्ही सुचवतो ती पद्धत अशी: फोटो १०० टक्क्यांवर न्यावा आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून आडव्या पट्ट्यांनी खाली यावं. धूळ मुख्यतः आकाशात दिसते आणि एफ/११, एफ/१६ अशा बारीक छिद्रावर जास्त ठळक होते. गोलाकार, कडा मऊ, आणि त्याच दिवशीच्या दुसऱ्या फोटोतही फ्रेममध्ये त्याच जागी असेल तर ती धूळ. दुसऱ्या फोटोत नसेल तर तो पक्षी, पतंग किंवा दूरचं विमान असू शकतं आणि त्याला हात लावायचा नाही. एका फोटोतली दुरुस्ती कॉपी करून बाकीच्यांवर पेस्ट करता येते, पण पेस्ट केल्यावर प्रत्येक फोटो तपासावा. पहिल्या फोटोत जिथून निळं आकाश उचललं होतं तिथे दुसऱ्या फोटोत छपराची कड असते, आणि मग आकाशात कौलाचा तुकडा तरंगताना दिसतो. परीक्षकांच्या नजरेला नेमकं असलंच पडतं.

तार नकोच असेल तर क्रॉपने घालवावी किंवा दुसरी फ्रेम घ्यावी.

क्रॉप करताना परिसराच्या खुणेची अट लक्षात ठेवावी. नाविकाचा नुसता सुरकुतलेला चेहरा हे व्यक्तिचित्र झालं. त्याच फोटोत होडीची वल्ही, दोर, मागचा किनारा राहिला तर तो प्रवासाचा फोटो. डार्कटेबलमध्ये क्रॉप कधीही उघडून मूळ चौकट परत आणता येते, म्हणून एकाच फोटोची डुप्लिकेट करून घट्ट आणि सैल असे दोन क्रॉप शेजारी लावून बघावेत. डुप्लिकेटने डिस्कवर जागा जात नाही, फक्त आणखी एक छोटी एक्सएमपी फाइल तयार होते. क्षितिज आणि इमारतींच्या उभ्या रेषा सरळ करण्यासाठी 'रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह' मोड्युल आहे. वर एकत्र येत जाणाऱ्या रेषा ते आपोआप ओळखून सरळ करतं, पण पूर्ण सरळ केलेला मनोरा वरच्या बाजूला फुगल्यासारखा दिसतो. थोडा कल राहू द्यावा.

उजेड-सावलीच्या कामात टोन इक्वलायझर उत्तम, मात्र त्याचं मास्किंग पान (फोटोचे भाग उजेडानुसार वेगळे करणारं) न उघडता वापरणं धोक्याचं. तिथे मास्कचा आलेख एका कोपऱ्यात दाटलेला असेल तर स्लायडर हलवून काहीच होत नाही किंवा सगळंच एकदम हलतं. एक्स्पोजर आणि कॉन्ट्रास्ट भरपाईच्या स्लायडरांशेजारच्या जादूच्या कांडीच्या बटणांनी आलेख पसरवून घ्यावा आणि मगच सावल्या उचलाव्यात. उचलणं एक स्टॉपच्या (म्हणजे दुप्पट उजेडाच्या) आत ठेवलं तर चित्र नैसर्गिक राहतं. त्यापुढे डोंगराच्या कडेला पांढुरकी झालर उमटते. ती झालर दिसली की परीक्षक बाकीचा फोटो बघतच नाहीत म्हटलं तरी चालेल. 'हेझ रिमूव्हल'चंही तसंच. धुकं विरतं, पण जोर वाढवला की आकाश काळवंडतं आणि नॉइज वर येतो. शिवाय पहाटेच्या दरीतलं धुकं हेच कधीकधी त्या जागेचं वैशिष्ट्य असतं.

नॉइजसाठी 'डिनॉइज प्रोफाइल्ड' मोड्युल कॅमेरा आणि आयएसओ ओळखून त्यानुसार काम करतं. बहुतेक वेळा चालू करून सोडून द्यावं. धार आणण्यासाठी 'डिफ्यूज ऑर शार्पन' आहे. त्याचे लेन्सचा मऊपणा घालवणारे तयार प्रीसेट सरस आहेत, पण ग्राफिक्स कार्डाची मदत नसेल तर संगणक अक्षरशः कण्हतो. जुन्या लॅपटॉपवर हे मोड्युल सगळ्यात शेवटी लावावं, नाहीतर पुढचा प्रत्येक बदल बघायला थांबत बसावं लागतं.

कृष्णधवल करायचं तर अख्खा फोटो. मास्क लावून (फोटोचा ठरावीक भागच निवडून) एकच लाल साडी रंगीत ठेवणं डार्कटेबलमध्ये दोन मिनिटांचं काम आहे आणि या विभागात तितक्याच लवकर बाद होणारंही.

सगळं झाल्यावर डावीकडच्या हिस्टरीच्या यादीत सगळ्यात खालच्या 'ओरिजिनल'वर टिचकी मारावी आणि परत वर यावं. दोन चित्रं एकाच वेळची, एकाच हवेतली वाटतात का, एवढंच बघायचं. वाटत नसतील तर कुठल्या पायरीवर गाडी घसरली ते त्याच यादीत एकेक पायरी चढत सापडतं. स्लायडरांच्या गर्दीत ही यादी डार्कटेबलची सर्वांत प्रामाणिक गोष्ट आहे.

एक्स्पोर्टच्या खिडकीत रुंदी आणि उंची अशा दोन चौकटी आहेत, आणि स्पर्धेच्या दृष्टीने हे फार सोयीचं. समजा मर्यादा १९२०×१०८० पिक्सेल आहे. लोक लांब बाजू १९२० ठेवून मोकळे होतात आणि उभा फोटो १९२० उंचीचा होऊन बाद होतो. डार्कटेबलमध्ये १९२० आणि १०८० एकदा भरलं की आडवा, उभा कुठलाही फोटो त्या चौकटीत बसवला जातो: ३:२ चा आडवा १६२०×१०८०, उभा ७२०×१०८०. 'अपस्केलिंग' बंद आणि 'हाय क्वालिटी रीसॅम्पलिंग' चालू ठेवावं. रंगांचं प्रोफाइल एसआरजीबी. अॅडोबी आरजीबीत पाठवलेला फोटो रंगव्यवस्थापन नसलेल्या प्रोजेक्टरवर मरगळलेला दिसतो.

फाइल अमुक मेगाबाइटच्या आत हवी अशी अट असेल तर ती मर्यादा थेट भरायची सोय मात्र नाही. जेपेगची क्वालिटी ९५ वरून ९२, ९० अशी उतरवत परत परत एक्स्पोर्ट करावं लागतं. दाट झाडी किंवा वाळू असलेला फोटो याला जास्त वेळ घेतो.

दुसरी उणीव जास्त बोचते: लहान केल्यानंतर लावायचं शार्पनिंग यात नाही. एक्स्पोर्टच्या वेळी स्टाइल जोडता येते आणि त्या स्टाइलमध्ये शार्पन मोड्युल घालता येतं, पण हाय क्वालिटी रीसॅम्पलिंग चालू असताना ते मूळ आकाराच्या चित्रावर लागतं आणि आकार त्यानंतर कमी होतो. म्हणून १०८० पिक्सेलचा फोटो किंचित मऊ निघतो. उपाय दोन. लहान केलेली टिफ फाइल काढून ती परत आत घ्यावी, हलकं शार्पन करावं आणि मग जेपेग करावी, किंवा हे शेवटचं काम गिंप या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करावं. चार फोटोंसाठी परवडतं, चाळीसांसाठी नाही.

निनावी परीक्षण असेल तर तीन जागा तपासाव्यात. फाइलनाव, मेटाडेटातल्या (फाइलीत दडलेल्या माहितीतल्या) निर्मात्याच्या आणि हक्काच्या रकान्यांतलं नाव, आणि चालू राहिलेलं वॉटरमार्क किंवा फ्रेमिंग मोड्युल. एक्स्पोर्टच्या खिडकीत मेटाडेटाच्या सेटिंगमध्ये एक्झिफ (कॅमेरा आणि वेळेची नोंद), जीपीएस, टॅग, एडिटिंगचा इतिहास यांपैकी काय जाऊ द्यायचं ते वेगवेगळं ठरवता येतं. तारीख पडताळायची असते म्हणून एक्झिफ राहू द्यावं. जीपीएस काढलं तरी चालतं. शीर्षक मेटाडेटात भरून ठेवलं की व्हेरिएबल (आपोआप भरला जाणारा शब्द) वापरून तेच फाइलनावात आणता येतं. पण फाइलनावात रोमन अक्षरं आणि आकडेच ठेवावेत, अर्ज भरायच्या काही यंत्रणा देवनागरी नावाची फाइल घेत नाहीत.

आणि एक छोटा सापळा. तीच फाइल दुसऱ्यांदा एक्स्पोर्ट केली की डार्कटेबल जुनीवर लिहीत नाही, शेवटी ०१ जोडून नवी बनवतं. सुरक्षित आहे खरं, पण घाईत जुनीच फाइल अपलोड होते. एक्स्पोर्टसाठी स्पर्धेच्या नावाचं वेगळं फोल्डर करावं आणि अंतिम फाइली काढायच्या आधी ते रिकामं करावं, किंवा 'ओव्हरराइट' निवडावं.

प्रिंट मागवणारी स्पर्धा असेल तर माप इंचांत किंवा सेंटिमीटरमध्ये भरता येतं. १२×१८ इंचाला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ३६००×५४०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या ६०००×४००० फोटोतून ते आरामात निघतात, पण जोरदार क्रॉप केला असेल तर नाही. लॅबने प्रोफाइल फाइल दिली तर ती डार्कटेबलच्या सेटिंगच्या फोल्डरात 'कलर' आणि त्यातल्या 'आउट'मध्ये टाकावी, सॉफ्टवेअर बंद करून परत चालू करावं आणि 'कंट्रोल-एस'ने सॉफ्टप्रूफ बघावं. गडद निळे आणि भगवे किती उतरतात ते छापायच्या आधीच दिसतं. थेट छापण्याची सोय लिनक्स आणि मॅकवर आहे, विंडोजवर नाही.

ज्यांचे सगळे फोटो मोबाइलवरचे जेपेग आहेत त्यांनी एवढा खटाटोप करू नये. क्रॉप, थोडं उजळणं आणि आकार कमी करणं यासाठी कुठलंही साधं अॅप पुरतं. रॉ काढणाऱ्याने मात्र शिकायला दोन-तीन आठवडे धरावेत आणि स्पर्धेच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडू नये.